‘भक्तीत तल्लीन भाविक’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या तीर्थयात्रांची पानभर छायाचित्रे दिलीत, त्याबद्दल आधी आभार. गेली वीस वर्षे मी कॅमेरा घेऊन यात्रेकरूंबरोबर चालतो आहे, म्हणूनच चित्रांखालच्या ओळी वाचून जीव हळहळला. नऊपैकी सहा ठिकाणी ‘भक्तीत तल्लीन भाविक’. कोण, कुठे, काय करतो आहे, काही पत्ता नाही.

कैलासाच्या चित्राखाली ‘परिक्रमा आटोपून परतणारे यात्रेकरू’ असे छापले आहे. पण त्यांच्या डाव्या हाताला पर्वत दिसतो आहे. हिंदू आणि बौद्ध कैलासाला उजवीकडे ठेवून फिरतात, तिबेटच्या जुन्या बोन धर्माचे लोक डावीकडे. म्हणजे ही माणसे परतत नाहीत, ती त्यांची परिक्रमाच आहे. हीच चूक मी माझ्या पहिल्या प्रदर्शनात केली होती आणि ती अजून सलते.

जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची यात्रा असते. तिथे एका संध्याकाळी मुक्कामाच्या दारात एक म्हातारे यात्रेकरू येऊन टेकले. टाचेला फोड आला होता, चालताना दिसतच होते. तरी त्यांनी बूट काढले नाहीत. आधी काठीचे टोक पाण्याने धुतले. दगडांवर आपटून ते कुंचल्यासारखे पिंजले होते. फडक्याने पुसून काठी आत नीट उभी केली आणि मगच स्वतःच्या पायाकडे पाहिले. परवानगी घेऊन मी फक्त त्यांचे हात टिपले. काठी म्हणजे खुद्द कोबो दाइशी, ज्यांच्या नावाने ही यात्रा चालते ते बौद्ध भिक्षू आणि यात्रेकरूचे सोबती, हे मला रात्री कळले. पुलाखाली दाइशी झोपले असतील म्हणून पुलावर काठी टेकवत नाहीत, हेही तेव्हाच. आधी माहीत असते तर मी कॅमेरा काठीच्या उंचीवर, खाली बसून धरला असता. तुमच्या पुरवणीत ते चित्र आले असते तर खाली ‘काठी धुणारा भाविक’ छापले असते, आणि सगळेच निसटले असते.

दुसरे, चेहऱ्यांविषयी. दोन चित्रांतल्या रडणाऱ्या बाया लांबच्या लेन्सने टिपलेल्या आहेत, पाठीमागचे सगळे धुरकट झाले आहे त्यावरून कळते. त्यांना विचारले असेल असे वाटत नाही. मला हे चोरी वाटते. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, छायाचित्रे काढायला मनाई असते. मी ते सगळे तास कॅमेरा पिशवीत ठेवून नुसता उभा होतो, आणि भिंतीला कपाळ टेकलेली माणसे मला तेव्हाच नीट दिसली.

पुढची पुरवणी काढाल तेव्हा छायाचित्रकाराकडून चित्रासोबत चार ओळी लिहून मागा: हे काय चालले आहे, आणि त्या माणसाला विचारले होते का. उत्तर नसेल तर ते चित्र बाजूला ठेवा, कितीही देखणे असले तरी.

आपला,
एक वाचक आणि छायाचित्रकार