परड्यातल्या टॅरॅगॉनची खबर

वेंगुर्ला,
२० नोव्हेंबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा दादाच्या फोनवर बाबांनी स्वतःच्या गुडघ्याचे काही न सांगता आधी ‘ते तुझे फ्रेंच झाड जगले का?’ असे विचारले, आणि उत्तर पुरे होण्याआधीच रेंज गेली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ते झाड, म्हणजे फ्रेंच टॅरॅगॉन, स्वयंपाकात घालतात ते सुवासिक पानांचे झुडूप, जगले नाही. मे महिन्यात गणपती पुळ्याहून परतताना तुम्ही दोघे इथे थांबलात, तेव्हा कुंडीकडे पाहून बाबा म्हणाले होते की या झाडाला मिरगाचा पाऊस दाखवा, मग बोलू, तसेच घडले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खोड बुडाशी काळे पडले आणि उपटायला गेले तर मुळे चिखलासारखी हातात आली.

दोष माझाच होता, कारण मी ते आपल्या मोगऱ्यासारखे वाढवू पाहत होते. युरोपात हे झुडूप थंडीत वरून पूर्ण वाळते, मुळे जमिनीत निजतात आणि वसंतात नवे कोंब फुटतात. ती थंडीची झोप मिळाली नाही तर झाड हळूहळू अशक्त होत जाते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे एक गोधडी लागते, तेवढ्या गारव्याला ते थंडी मानत नाही. त्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि श्रावणातही न सुकणारी हवा! कोरड्या, निचऱ्याच्या, जरा हलक्या जमिनीत सुखाने राहणाऱ्या झाडाला हे कसे मानवणार?

त्याआधीची फजिती तुम्हांला सांगितलीच नव्हती. पहिल्या वर्षी मी टॅरॅगॉन म्हणून बियांचे पाकीट आणले होते. बी भराभर उगवले, झाडे कमरेएवढी झाली आणि पान चावून पाहिले तर चव गवताची. पुढे वाचनात आले की स्वयंपाकातल्या खऱ्या फ्रेंच टॅरॅगॉनला रुजणारे बी धरतच नाही. ते मुळांचे फुटवे वेगळे करून किंवा छाटकलम लावूनच वाढवावे लागते, आणि बियांपासून येते ते रशियन जातीचे, काटक पण वासाला कमी. दुकानदारालाही हे ठाऊक नसावे. खरे पान ओळखायची खूण सोपी आहे: बडीशेपेसारखा गोडसर वास येतो आणि चावल्यावर जीभ किंचित बधिर होते. आई, तुझ्या बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ जे जोराने करते, तेच हे पान कुजबुजत करते.

आता चांगली बातमी. झाड गेल्यावर मी मेक्सिकन टॅरॅगॉनची काही रोपे आणली. नाव टॅरॅगॉनचे असले तरी हे मुळात झेंडूचेच भावंड, मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचे, आणि तिथले अ‍ॅझ्टेक लोक त्याला याउत्ली म्हणत. वास जवळजवळ तोच, थोडा अधिक गोड आणि जाडसर. उन्हाला ते अजिबात भीत नाही. पाणी मुळाशी साचले तर मात्र हेही कुजते. म्हणून बाबांच्या जुन्या पद्धतीने कुंडीच्या तळाशी जांभ्याची खडी घातली, माती, वाळू आणि पालापाचोळ्याचे खत समसमान घेतले, आणि पागोळ्या थेट पडू नयेत म्हणून कुंड्या पडवीत आत सरकवून पुढे एक झाप आडवे बांधले. गणपतीपर्यंत चारपैकी तीन झाडे उभी राहिली. दिवस लहान होऊ लागले तशी बारीक पिवळी फुले आली आहेत. छाटलेल्या फांद्या ओल्या वाळूत खोचल्या, त्यांनाही मुळे धरली.

स्वयंपाकाचे म्हणाल तर मुंबईच्या हॉटेलात अकरा वर्षे मी हे पान अंड्याचे पिवळे बलक, लोणी आणि व्हिनेगर यांच्या बेआर्नेझ सॉसमध्ये घालत होते, पण इथे ते सॉस खाणार कोण? माझ्या पाहुण्यांना सगळ्यांत आवडले ते असे: सुरमईचे तुकडे मीठ-लिंबू लावून थोड्या तेलात परतायचे, तवा उतरवायचा, आणि मग बारीक चिरलेली पाने लोण्याच्या एका तुकड्याबरोबर वरून घालायची. पाने उकळली की वास निघून जातो, म्हणून ती शेवटीच पडली पाहिजेत. ‘तिरफळ आधी घालून रस्सा कढवू नको’ असे तू बजावायचीस, तोच नियम इथे लागू पडतो. ऑम्लेटमध्ये ते छान लागते, साध्या नारळाच्या रसातही शोभते. हळद-मिरचीच्या वाटपात मात्र हरवते आणि कोकमाशी त्याचे मुळीच पटत नाही. मी हट्टाने सोलकढीत एकदा घातले, दोघांनी वाट्या तशाच ठेवल्या.

पानांचे व्हिनेगर करून ठेवले आहे. पाने धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी केली, कारण ओल राहिली तर बुरशी येते, मग मूठभर पाने अर्धा लिटर माडीच्या व्हिनेगरमध्ये टाकून बाटली दोन आठवडे काळोखात ठेवली. काकडीच्या कोशिंबिरीत एक चमचा पुरतो.

बाबा, एक गोष्ट मात्र तुम्हांलाच विचारायची आहे. फ्रेंच टॅरॅगॉन हा आपल्या दवण्याच्याच वंशाचा आहे, दोघेही आर्टेमिसिया. चैत्रात ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याचा वास आणि या पानाचा वास मी कधी शेजारी ठेवून घेतला नाही. शिमग्याला याल तेव्हा पुण्याच्या फूलबाजारात दवण्याची जुडी मिळाली तर घेऊन या, आणि तो इथे परड्यात लावला तर पावसाळ्यात काय होते, याचा तुमचा अंदाज आधीच कळवा.

आईने गाडीत पाठीला उशी घ्यावी.

तुमची,
धाकटी