बॉट ‘जोडलेला’ दिसतो, पण असतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याचे इशारे चॅटखोलीत आपोआप टाकणारा बॉट हा किनाऱ्यावरच्या कॉलेजांत प्रकल्प म्हणून घेण्याजोगा विषय आहे. मात्र त्याची लायब्ररी (पुन्हा वापरता येणारा कोड) लिहिताना सर्व्हरचा पत्ता, बॉटचं टोपणनाव, खोल्यांची यादी आणि सॉकेट (सर्व्हरशी चाललेल्या जोडणीचं आपल्याकडचं टोक) असं सगळं एकाच ऑब्जेक्टमध्ये कोंबण्याची खोड सोडायला हवी. पावसात लाइट गेली की तिथेच घोळ होतो.

आयआरसी या इंटरनेटवरच्या जुन्या मजकुरी चॅटचंच घ्या. राउटर विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो. जोडणी तुटल्याचं कोणीच कोणाला कळवत नाही, त्यामुळे बॉट वाचत बसतो आणि ‘जोडलेला’ हा शेरा तसाच राहतो. लिनक्सवर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय) चालू केलं, तरी पहिली चाचणी मुळात ७२०० सेकंदांनी होते; म्हणजे दोन तास गेले! म्हणून दोन-तीन मिनिटं काहीच आलं नाही तर स्वतः पिंग (‘आहेस का?’ अशी हाक) पाठवावा आणि ३० सेकंदांत पाँग (त्याची ओ) आला नाही तर सॉकेट बंद करावं.

आता ऑब्जेक्ट दोन करा. ‘नेटवर्क’मध्ये आपल्याला काय हवंय ते: पत्ते, पोर्ट (टीएलएस म्हणजे कूटबद्ध जोडणीसाठी ६६९७), हवं ते नाव, हव्या त्या खोल्या. ‘जोडणी’मध्ये आत्ता काय आहे ते: सॉकेट, सर्व्हरने ००१ या स्वागताच्या उत्तरात दिलेलं नाव, प्रत्यक्ष मिळालेल्या खोल्या, अर्धी आलेली ओळ. तुटली की जोडणी अख्खी फेकायची. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं असंच आहे, धक्का तोच, उतारू दर खेपेला नवे. जुनी अर्धी ओळ जपून ठेवलीत तर ती नव्या जोडणीच्या पहिल्या ओळीला चिकटते आणि मग तासन्‌तास भलतीकडेच शोधाशोध चालते.

परतल्यावर बहुधा ४३३ (‘हे नाव आधीच वापरात आहे’) येतो, कारण आपलंच जुनं भूत सर्व्हरवर नाव अडवून बसलेलं असतं. नावाला शेपटी जोडून पुन्हा मागावं. खोल्यांत शिरायचं ते ००१ आल्यावरच. पुन्हा जोडताना ५, १०, २०, ४० सेकंद असं थांबत जावं, कमाल पाच मिनिटं, आणि त्यात थोडे यादृच्छिक सेकंद मिसळावेत. लाइट अख्ख्या तालुक्याला एकदमच येते! सॉकेट उघडलं म्हणून हा आकडा लगेच ५ वर आणू नये. जोडणी काही मिनिटं टिकू द्यावी.

मराठीत आणखी एक मेख आहे. ओळीची मर्यादा ५१२ बाइट, त्यात शेवटचे दोन ओळ संपल्याच्या खुणेचे. ‘रत्नागिरी’ हा एकच शब्द यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइट खातो. शिवाय इतरांना पाठवताना सर्व्हर आपलं नाव-पत्ता पुढे लावतो, म्हणून मजकूर साडेतीनशे बाइटांत बसवावा आणि तोडायचा तर शब्दाच्या सीमेवर. येणारे बाइटही ओळ पूर्ण झाल्यावरच अक्षरांत बदलावेत, नाहीतर अर्धं अक्षर चौकोन होऊन दिसतं.

तपासताना प्रोग्राम बंद करू नका. तेव्हा सॉकेट रीतसर मिटतं आणि दोष लपतो. राउटरला बाहेरून येणारी वायर उपटा आणि दहा मिनिटांनी परत लावा.

– एक प्रोग्रामर, गुहागर