मासिकवाल्या काकांना, एका कापलेल्या पानाबद्दल

ती. काका,
सा. न.

तुमचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात सगळे नुसतं "मासिकवाले आले" म्हणायचे. नाव नाही, पत्ता नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. तुम्ही असाल तर नव्वदीच्या आसपास असाल. कुणी वाचून दाखवलं तर मला ओळखाल: जिन्याखालच्या खोलीतली, ब्लेडवाली.

१९९३चा उन्हाळा. माझी दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि आई न्हाणीघरात घसरून पाय मोडून पडली होती. तिचा वेळ जावा म्हणून तुमची वर्गणी भरली. मंगळवारी आणि शनिवारी तुमची सायकल दिंडी दरवाजाला टेकायची. हँडलला दोन्हीकडे खाकी पिशव्या. जुने दोन अंक घ्यायचे, नवे दोन द्यायचे. मी दर वेळी सिनेमाचं काहीतरी मागायची. तुम्ही ते द्यायचात, कधी नाही म्हटलं नाहीत, पण दुसरा अंक तुमच्या मनाचा असायचा. विद्या बाळांचं 'मिळून साऱ्याजणी' तेव्हा चारेक वर्षांचं होतं. ते आईच्या उशाशी तुम्हीच आणून ठेवलंत. "हे वाईचं, जड आहे, पण दोन घरांसाठी घेतो मी," असं म्हणत एकदा 'नवभारत' या वैचारिक मासिकाचा अंक दिलात. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. तरी पुढच्या शनिवारी पुन्हा तोच मागितला.

अंक कसा पारखायचा, हे तुम्ही कधी शिकवायला म्हणून बसला नाहीत. पायरीवर बसून पिशवी लावता लावता बोलायचात, तेवढंच. मुखपृष्ठ बघायचंच नाही, ते विकायला असतं. आधी अनुक्रमणिका. तीच चार नावं महिनोन्महिने फिरत असतील तर संपादक दार बंद करून बसलाय. मग वाचकांची पत्रं. नुसती "अंक आवडला, अभिनंदन" असली तर अंक खाली ठेवायचा. मागच्या महिन्याच्या लेखकाला कुणी खोडून काढलं असेल आणि ते जसंच्या तसं छापलं असेल, तर मासिक जिवंत आहे. मी आजही कुठलाही नवा अंक शेवटच्या पानांकडून उघडते. दुकानदार विचित्र नजरेने बघतात.

आणि परत आलेला अंक! तो तर तुम्ही वैद्याने नाडी बघावी तसा बघायचात. एका दिवसात परत आला तर एक तर उघडलाच नाही, नाहीतर रात्रभर जागून संपवला. पिनेजवळची घडी बघितली की कळतं. राशिभविष्याचं पान सगळ्यांत चुरगळलेलं. पाककृतीवर हळदीचा अंगठा. "लेखावर आमटीचा डाग पडला असेल तर समजायचं, जेवतानासुद्धा सोडवला नाही," हे तुमचं वाक्य मी अजून घरात वापरते.

आता ते पान.

दिवाळी अंकांची तुमची वेगळी योजना असायची. एकदाच पैसे भरायचे आणि पुढे दोन-तीन महिने अंक फिरत राहायचे. त्या वर्षी एका अंकात एक कविता मला फार आवडली. वहीत उतरवून घ्यायचा कंटाळा. बाबांचं दाढीचं ब्लेड घेतलं, पान कापलं आणि डिंकाने वहीत चिकटवलं. अंक तुम्हाला परत दिला तेव्हा छातीत धडधडत होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी, वार नसताना, दारात उभे. आवाज न चढवता म्हणालात, "पान आहे का?"

कवितेच्या पाठीमागे एका कथेचं शेवटचं पान होतं. मी बघितलंच नव्हतं. पुढच्या घरातल्या आजी गोष्टीचा शेवट शोधत बसल्या होत्या.

चहाच्या आधणाची वाफ देऊन तुम्ही ते पान वहीतून सोडवलंत. अर्धा तास लागला. कोपऱ्यात दोन ओळी विरघळल्या. मग मी ती कथा पहिल्यापासून वाचावी आणि तिथे काय शब्द असतील ते पेन्सिलीने लिहावेत, असं तुम्ही ठरवलंत. लिहिले. बरोबर होते की नाही कोण जाणे. पान चिकटपट्टीने अंकात परत गेलं. कविता मी नंतर उतरवून घेतली, तुमच्यासमोर. आईला तुम्ही यातलं काही सांगितलं नाहीत, त्याचे आभार आज मानते. तिला अजूनही माहीत नाही.

एक मात्र मला कधी पटलं नाही. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी म्हटलं की तुम्ही नाक मुरडायचात. पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'चे जुने अंक मी रद्दीच्या दुकानातून किलोवर आणले आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपले. त्या बाबतीत तुम्ही चुकलात, काका.

कॉलेजात गेले आणि आमची वर्गणी बंद झाली. जाताना "आता स्वतः हिंडायचं" म्हणालात आणि दोन ठिकाणं सांगितलीत: १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय. दोन्हीकडे गेले. हल्ली लेकीला 'किशोर'चे जुने अंक संगणकावर दाखवते. बालभारतीने ते फुकट वाचायला ठेवलेत. तिला आवडतात. डाग कुठेच नसतो, एवढंच.

दिवाळी अंक मात्र कागदाचेच. अप्पा बळवंत चौकातून आणतो आणि सोसायटीतली पाच घरं आलटून पालटून वाचतो. परवा एक अंक माझ्याकडे परत आला. अनुक्रमणिका बघितली, पत्रं बघितली, मग पिनेजवळ हात थांबला. चौसष्टच्या पुढे एकदम सदुसष्ट. मी चप्पल घातली, चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवून विचारलं, "पान आहे का?"

तुमची,
जिन्याखालच्या खोलीतली