शिकवणीची नोटीस वेळेवर येते, मग पगार का येत नाही?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शिक्षकांना शाळेबाहेर राजरोस चार पैसे कमावण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतो. परवा मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मिळाली म्हणजे काय, आधी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो पडला, शिपायापासून सगळ्यांनी वाचला, आणि मग मुख्याध्यापकांनी बोलावून माझी पोच घेतली. आरोप असा की मी संध्याकाळी दुसऱ्या शाळांतल्या मुलांना घरी गणित शिकवतो. आरोप खरा आहे. शिक्षणहक्क कायदा 2009, कलम 28 : शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. मुदतीत खुलासा करा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कारवाई करण्यात येईल.

माझं म्हणणं आहे, साहेब, आणि भरपूर आहे. खुलाशाच्या कागदावर मावेना म्हणून उघड लिहितो.

शाळा कायम विनाअनुदानित होती तेव्हा मी लागलो. (लागताना काय काय करावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.) जुलै 2009 मध्ये त्यातलं ‘कायम’ सरकारने काढून टाकलं, म्हणजे अनुदानाचं दार उघडलं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. मग मूल्यांकन आलं, मग त्रुटी निघाल्या, मग त्रुटींची पूर्तता, मग घोषित आणि अघोषित याद्या. पगाराच्या अनुदानाचा पहिला वीस टक्क्यांचा टप्पा आमच्या वाट्याला 2023 मध्ये आला. मधल्या वर्षांत आम्ही कशावर जगलो हे तुमच्या खात्यातल्या एकाही तपासणी प्रपत्रात कुणी विचारलेलं नाही. मी दुकानांच्या वह्या लिहिल्या, पत्रिकांची प्रुफं तपासली, लग्नसराईत केटररच्या हाताखाली वाढपी म्हणून गेलो. एका पंगतीत माझ्याच वर्गातला नववीचा मुलगा बसला होता. मी भाताचं भांडं घेऊन समोर आलो तसा त्याने पानावर आडवा हात धरला. भूक नव्हती म्हणून नव्हे. सरांनी आपल्याला वाढू नये म्हणून. त्या दिवसाची मजुरी मी घेतली, कारण घरी रेशनपुरतेही पैसे नव्हते.

त्या सबंध काळात मला एकही नोटीस आली नाही. वाढपी शिक्षक सरकारला चालतो. गणित शिकवून पैसे घेणारा गणिताचा शिक्षक मात्र चालत नाही.

पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, आणखी वीस टक्क्यांचा निर्णय निघाला. निर्णय निघाला, पैशाची तरतूद राहून गेली. जुलै 2025 च्या पावसात हजारो शिक्षक आझाद मैदानावर जाऊन बसले तेव्हा कुठे सरकारला त्या तरतुदीची आठवण झाली. आज मला काम शंभर टक्के आणि पगार चाळीस टक्के आहे. मी तासही चाळीस टक्केच घ्यावेत का? पायथागोरसचा प्रमेय सांगावा आणि सिद्धता पुढच्या टप्प्यात द्यावी? बँकेत घरकर्जाला गेलो तर साहेब पगारपत्रक उलटंसुलटं करून बघतात आणि विचारतात, ‘बाकीचा कुठे दिसत नाही?’ हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतो.

आणि पूर्ण अनुदानित शाळेत नव्याने लागणाऱ्याचं तरी काय सोनं होतं? शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर. ते कित्येक वर्षं प्राथमिकला 6 हजार होतं, 2023 पासून 16 हजार झालं. दिवसाला पाचशेतीसेक रुपये. डीएड, टीईटी ही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी एवढं सगळं पार करून आल्यावर. त्यानेही संध्याकाळी काही करायचं नाही, कारण कलम 28.

त्याच कायद्यात एक घर मागे कलम 27 आहे. शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद तीनच, दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मग खिचडीच्या तांदळाचा हिशेब, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीत भरायची माहिती, मुलांच्या आधार कार्डावरच्या नावांची जुळवाजुळव आणि दर महिन्याला उगवणारं नवं लिंक ‘आज सायंकाळी 5 पर्यंत अनिवार्य’ हे कोणत्या अपवादात बसतं? 27 मोडणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस कोण काढतं? निवडणुकीचं काम तरी कायद्यात बसतं म्हणू. बीएलओ म्हणजे मतदारयादीचा केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून वर्षभर घरोघर फिरणाऱ्याचं वार्षिक मानधन 6 हजार होतं, ते ऑगस्ट 2025 मध्ये दुप्पट केल्याचं जाहीर झालं. म्हणजे दिवसाला 33 रुपयांच्या आत. हे आमचं सरकारमान्य जोडउत्पन्न.

लॉकडाऊनमध्ये याच सरकारने सांगितलं होतं, मुलांपर्यंत ऑनलाइन पोचा. मी पोचलो. फळा स्वतः रंगवला, मोबाइल पाठ्यपुस्तकांच्या ढिगावर टेकवला, डेटा माझा, वीज माझी, आणि दहावीच्या भूमितीचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकले. तेव्हा ते ‘नवोपक्रम’ होते, प्रशस्तिपत्रही मिळालं. आता त्याच व्हिडिओंवर जाहिराती लावल्या तर तो व्यवसाय होतो. लावू का, असं मी लेखी विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही. बहुधा ते त्रुटीत असावं.

मला कलम 28 चं कारण कळत नाही असं नाही. वर्गात हातचं राखून शिकवायचं आणि तेच संध्याकाळी फी घेऊन पुरं करायचं, असे महाभाग आमच्यात आहेत. मी त्यांच्याबरोबर चहा प्यायलो आहे. पण मग बंदी त्यावर घाला ना. स्वतःच्या शाळेतला विद्यार्थी शिकवणीला घ्यायचा नाही, घेतला तर नोकरी गेली, एवढं एका ओळीत लिहा. परक्या शाळेतल्या मुलाला मी अपूर्णांक शिकवले तर माझ्या वर्गाचं काय बिघडतं? स्वाध्यायपुस्तिका लिहिणं, भाषांतर, ऑनलाइन धडे, प्रौढांचे वर्ग यातलं काय चालतं आणि काय नाही याचा एक स्वच्छ शासन निर्णय काढा. किंवा शाळेतच संध्याकाळी कच्च्या मुलांसाठी जादा तास ठेवा आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे द्या. मी आनंदाने घेईन. बोर्डाचे पेपर तपासल्याचे पैसे निदान पुढचे पेपर यायच्या आत द्या. बस, एवढंच मागणं आहे.

आज व्यवस्थेला प्रामाणिक माणूस पकडायची हौस आहे, कारण तो सापडतो. आमच्यातल्या हुशारांची विमा एजन्सी बायकोच्या नावावर आहे, प्लॉटिंग मेहुण्याच्या, क्लास भावाच्या. त्यांच्याकडे नोटीस फिरकत नाही, कारण कागदावर ते दिवसभर शाळेत असतात आणि संध्याकाळी देवळात. मी मुलांना स्वतःच्या घरात, दार उघडं ठेवून बसवलं, ही माझी चूक धरली गेली.

आणि मोठे क्लासवाले? त्यांच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे शिकवणीतला वाटा तिजोरीत जातोच. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर मुलगा क्लासमध्ये, या ‘इंटिग्रेटेड’ प्रकाराला आळा घालायला 2018 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. अकरावी सायन्सच्या वर्गात आज अंगठे किती आणि डोकी किती, एकदा न सांगता जाऊन बघा. तिथे कलम 28 ची चार अक्षरं कुणाला आठवत नाहीत. चौकाचौकात पोरांच्या फोटोंचे होर्डिंग लागतात, उद्घाटनाला फीत कापायला लोकप्रतिनिधी जातात. फीत कापणं शिकवणीत मोडत नाही, हे मान्य.

लोकप्रतिनिधींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमदाराला साखर कारखाना चालतो, इंजिनिअरिंग कॉलेज चालतं, बिल्डरकी चालते, आणि एक टर्म झाली की महिना 50 हजारांच्या घरात पेन्शन सुरू. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आम्हाला जुनी पेन्शन नाही. त्यासाठी मार्च 2023 मध्ये अख्खं राज्य संपावर गेलं तेव्हा तिजोरीवर किती बोजा पडेल याचे हिशेब रोज टीव्हीवर ऐकवले गेले. आमदारांच्या पेन्शनीचा बोजा कुणी त्याच दमात ऐकवल्याचं मला आठवत नाही.

विधान परिषदेत 78 पैकी 7 जागा शिक्षकांच्या आहेत. प्राथमिक शिक्षकांना त्यात मतच नाही, म्हणजे 16 हजारांवर राबणाऱ्या पहिली-दुसरीच्या गुरुजी-बाईंचं कुणीच नाही. उरलेल्या आमच्यासाठी 2024 च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत नथी वाटल्याच्या बातम्या छापून आल्या. शिक्षकाने शिकवणीची फी घेतली तर कलम आहे. शिक्षकाला नथ देणाऱ्यावर कोणतं कलम लागलं, ते आपल्या कार्यालयाकडून लेखी कळावं.

आपला,
एक अंशतः अनुदानित शिक्षक
(नाव लिहिलेलं नाही. कारण दाखवायची गरज नसावी.)