जादूचा इतिहास शिकावा का? मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जादूच्या इतिहासात एम.ए. करावं का, असं तू विचारलंयस, आणि घरच्यांचे आक्षेपही सविस्तर कळवलेस. माझं मत आधीच सांगून टाकतो: विषय जरूर शिक. पण तू दिलेल्या कारणांपैकी एक मला मुळीच पटलं नाही. ‘या विषयात काहीतरी गूढ आहे, ते मला खुणावतंय,’ असं तू लिहिलंस. तेवढ्यासाठी जात असशील तर जाऊ नकोस, पहिल्याच सत्रात हिरमोड होईल. तिथे मंत्र शिकवत नाहीत. खटल्यांच्या नोंदी, अर्धवट पुसलेले लेख, कुणीतरी घाईघाईनं उतरवून घेतलेल्या जबान्या वाचायला लावतात आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारायला शिकवतात, की हे कुणी लिहिलं, कुणासमोर, कशाच्या धाकानं. या कामाची गोडी लागणार असेल तर यासारखा दुसरा विषय नाही.

तुझ्या वडिलांचा प्रश्न मला रास्त वाटतो. जे खोटं ठरलंय ते विद्यापीठात कशाला शिकायचं? त्यांना न्यूटनच्या कागदांची हकीकत सांग. न्यूटन १७२७ मध्ये वारला. त्याचे कागद पुढे पिढ्यानपिढ्या एका घराण्याकडे राहिले आणि १८७२ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडे सोपवले गेले. तिथल्या विद्वानांनी ते वर्षानुवर्षं तपासले, गणिताचे आणि भौतिकीचे कागद ठेवून घेतले, आणि किमयेचे, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या विद्येचे, कागद विद्यापीठाच्या कामाचे नाहीत असं ठरवून १८८८ मध्ये मालकाला परत केले. १९३६ मध्ये लंडनला त्यांचा लिलाव झाला आणि ते चहूकडे पांगले. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं त्यातले जमतील तितके पुन्हा गोळा केले म्हणून बरं. न्यूटननं किमयेवर सुमारे १० लाख शब्द लिहून ठेवलेत. म्हणजे ज्या माणसाला आपण आधुनिक विज्ञानाचा जनक म्हणतो, त्याच्या डोक्यात आयुष्यभर जे चाललं होतं त्यातला केवढातरी भाग ‘खोटं’ म्हणून बाजूला काढला गेला. न्यूटन समजून घ्यायचा तर त्याला जे खरं वाटत होतं ते सगळं वाचावं लागेल. त्यातलं आज आपल्याला पटतं तेवढंच निवडून चालणार नाही.

आणि ‘खोटं’ तरी किती, हेही तपासावं लागतं. लॉरेन्स प्रिन्सिपे नावाचे एक संशोधक आहेत. त्यांनी रसायनशास्त्रातही डॉक्टरेट केली आणि विज्ञानाच्या इतिहासातही. किमयागारांच्या जुन्या कृती त्यांनी प्रयोगशाळेत जशाच्या तशा करून पाहिल्या. त्यातली एक कृती बॅसिल व्हॅलेंटाइन या नावानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेली आहे. अँटिमनीचं खनिज, म्हणजे सुरम्याचा दगड, कुटायचा, मंद आचेवर राखेसारखा होईपर्यंत भाजायचा, मग वितळवून ओतायचा, की सोनेरी पिवळी पारदर्शक काच मिळते. प्रिन्सिपेंनी शुद्ध रसायन घेऊन पाहिलं, तर हाती काळपट गोळे आले. कृती थाप आहे म्हणून सोडून देता आली असती. त्यांनी पूर्व युरोपातून खरोखरचं खनिज मागवलं, तेव्हा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पिवळी काच तयार झाली! त्या दगडात गारगोटीचा थोडासा अंश होता आणि काच बनायला नेमका तोच लागत होता. जुन्या लेखकाला कारण ठाऊक नव्हतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. तीनचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मूर्ख किंवा लबाड ठरवण्याआधी दगड बदलून पाहावा, एवढा धीर हा विषय अंगी बाणवतो. इतर कुठल्या अभ्यासक्रमात हे इतकं स्वच्छ शिकायला मिळतं, मला माहीत नाही.

मला स्वतःला या विषयात सर्वांत जवळची वाटतात ती साधी माणसं. इंग्लंडमधल्या बाथ गावी रोमन काळात एका गरम पाण्याच्या कुंडाशी सुलिस मिनर्व्हा देवीचं मंदिर होतं. त्या कुंडातून शिशाचे आणि कथलाचे सुमारे १३० पातळ पत्रे निघालेत. बहुतेक दुमडलेले, त्यावर टोचून लिहिलेला लॅटिन मजकूर, काहींची अक्षरं मुद्दाम उलटी. हे शाप आहेत, आणि त्यातले बरेचसे चोरीबद्दलचे. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले. तो देवीला सांगतो, चोराची बुद्धी आणि डोळे तुझ्या देवळात जाऊ देत. हातमोज्यांसाठी डोळे! पण थोडं थांबून वाचलं की दुसरं काही दिसू लागतं. या पत्र्यांवर एक ठरलेली वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते: चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र. ही कोर्टकचेरीची भाषा आहे, कुणी सुटू नये म्हणून सगळे पर्याय मोजून घेणारी. ज्याची तक्रार घ्यायला कुठली कचेरी बसलेली नव्हती त्यानं देवीकडे रीतसर अर्ज केला. राजांच्या आणि लढायांच्या इतिहासात हा डोसिमेडिस तुला कुठे भेटणार? त्याचं अस्तित्व आपल्यापर्यंत आलं ते त्या शापामुळेच.

अथर्ववेदातही असंच होतं. तक्मन् नावाच्या तापाला उद्देशून एक सूक्त आहे. त्यात ताप घालवायचा म्हणजे दुसरीकडे धाडायचा: गांधार, मूजवंत, अंग आणि मगध इथल्या लोकांकडे. मंत्र म्हणून तो वाचशील तर चार ओळी. इतिहास म्हणून वाचशील तर म्हणणाऱ्याच्या मनातली आपल्या जगाची सीमा कुठे होती आणि परके कोण होते, याचा एक नकाशाच हाती येतो.

आता ज्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहितोय त्याकडे वळतो. युरोपात साधारण १४५० ते १७५० या काळात चेटकाच्या आरोपावरून ४० ते ५० हजार माणसांना मृत्युदंड झाला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यात बायका फार. हे सगळे खटले होते. त्यांना न्यायाधीश होते, साक्षी होत्या, कबुलीजबाब होते, सगळं कागदावर रीतसर. तू हा विषय घेतलास की हे कागद तुझ्यासमोर येतील आणि त्यांतली कबुली इतकी तपशीलवार असेल की क्षणभर तुलाही खरी वाटेल.

अशा वेळी आलोन्सो दे सालाझार फ्रियास या माणसाला आठव. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात चेटकिणींची मोठी दहशत पसरली. १६१० मध्ये लोग्रोन्यो इथे ६ जणांना जिवंत जाळलं आणि तुरुंगात मेलेल्या ५ जणांच्या प्रतिमा जाळल्या. सालाझार तिथल्या तीन इन्क्विझिटरांपैकी, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायाधीशांपैकी, एक. पुढच्या वर्षी त्याला गावोगाव फिरून चौकशी करायला पाठवलं. त्याच्यासमोर १,८०२ जणांनी येऊन सांगितलं की आम्ही चेटकाच्या वाटेला गेलो होतो. त्यातली १,३८४ लहान मुलं होती. इतके कबुलीजबाब समोर असताना दुसऱ्या कुणीही सरपणाची सोय केली असती. सालाझारनं पडताळणी केली. चेटकिणींचा मेळा भरतो म्हणून सांगितलेल्या जागी त्याचे कारकून हजर होते, त्यांना कुणी दिसलं नाही. उडण्याची म्हणून जी मलमं जप्त झाली होती ती वैद्यांकडून तपासून घेतली, जनावरांना देऊन पाहिली. काही झालं नाही. काहींनी मग कबूल केलं की चौकशीवाले पिच्छा सोडेनात म्हणून हाताला लागेल ते कालवून आम्हीच मलम बनवलं. शेवटी त्यानं वरिष्ठांना लिहिलं, की या गोष्टीची चर्चा आणि लिखाण सुरू होईपर्यंत इथे ना चेटकीण होती ना कुणाला चेटूक झालेलं होतं. १६१४ मध्ये वरिष्ठ मंडळानं त्याचं म्हणणं उचलून धरलं आणि पुराव्याचे नियम कडक केले. त्यानंतर दहाएक वर्षांत जर्मनीतल्या बाम्बेर्ग आणि व्युर्त्सबुर्गमध्ये शेकडो माणसं जाळली गेली. हे दोन्ही शेजारी ठेवून बघ.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की सालाझारचा सैतानावर विश्वास होताच. जादू अशक्य आहे असं तो म्हणाला नाही. तो आपल्या काळाच्या पुढचा बुद्धिवादी वगैरे नव्हता, त्याच संस्थेचा नेमलेला माणूस होता. या बाईनं, या रात्री, हे केलं, याला पुरावा काय, एवढंच तो विचारत राहिला. म्हणजे माणसं वाचवायला आधी सगळी श्रद्धा सोडावी लागली असं नाही, पुरावा मागायची सवय पुरली. फ्रीडरिश श्पे या जर्मन जेझुइट पाद्र्यानं १६३१ मध्ये नाव न घालता छापलेल्या पुस्तकात दुसऱ्या बाजूनं तेच दाखवलं: छळ केला की कुणीही कबूल होतो आणि आणखी चार नावं सांगतो, म्हणून चेटकिणींची संख्या छळाबरोबर वाढत जाते. हे लक्षात आलं की अफवा, झुंड आणि ‘इतके लोक सांगतायत तर काहीतरी असेलच’ हे वाक्य तू पुन्हा कधी पूर्वीसारखं ऐकणार नाहीस. या एका शिक्षणासाठी मी तुला हा विषय घे म्हणतोय.

हे सारं संपलंय असंही समजू नकोस. चेटकाच्या आरोपावरून आजही अनेक देशांत माणसं मारली जातात; संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला २०२१ मध्ये त्याविरुद्ध ठराव करावा लागला. स्कॉटलंडमधल्या ३,८३७ आरोपींची नोंद एडिनबरा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जुन्या कागदांतून एकेक करून गोळा केली. तिथल्या सरकारप्रमुखांनी २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली, तेव्हा माफी कुणाची मागायची हे त्या नोंदींमुळे ठाऊक होतं.

मानवशास्त्राचा एक पेपर मिळाला तर घेच. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये आफ्रिकेतल्या झांदे लोकांबद्दल लिहिलं. धान्याचं कोठार कोसळून खाली बसलेली माणसं जखमी झाली, तर खांब वाळवीनं खाल्ले हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पण नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना ते का पडलं, याचं उत्तर ते चेटकात शोधतात. ‘मलाच का?’ हा प्रश्न दवाखान्याच्या बाकावर बसलेला कुठलाही माणूस विचारतो.

आता व्यवहाराचं. नोकरी तुझी वाट बघत उभी नसेल, हे घरी स्पष्ट सांग. जुनी अक्षरं वाचणं, अभिलेखागारात काम करणं, संशयानं वाचून नेमकं लिहिणं एवढं पदरी पडेल; त्यावर संग्रहालय, संपादन, अध्यापन अशा वाटा असतात, पण त्या प्रत्येकीवर गर्दी आहे. म्हणून मोठं कर्ज काढून हे करू नकोस. पदवीवर ‘जादू’ हा शब्द असलाच पाहिजे असंही नाही. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात १९९९ पासून गूढविद्येच्या परंपरांच्या इतिहासाचं अध्यासन आहे, एक्सेटर विद्यापीठानं २०२४ मध्ये जादू आणि गूढविद्यांचं एम.ए. सुरू केलं, आणि तेही अरब व इस्लामी अभ्यासाच्या संस्थेत. ही ठिकाणं चांगलीच. पण साध्या इतिहास विभागात एखादा जाणता मार्गदर्शक असेल आणि प्रबंध तुला या विषयावर करू देणार असेल, तर मी तो विभाग निवडेन.

खरी अडचण भाषांची येईल. ग्रहताऱ्यांच्या जादूवरचा एक मोठा अरबी ग्रंथ स्पेनमध्ये लिहिला गेला, तिथल्याच दहाव्या अल्फोन्सो राजाच्या दरबारात १२५६ च्या सुमारास त्याचं कॅस्टिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, भाषांतर झालं, त्यावरून लॅटिन, आणि त्या रूपात तो युरोपभर वाचला गेला. वाटेत काय गळलं, काय घुसलं, हे अरबी आणि लॅटिन दोन्ही येत असल्याशिवाय कळणार नाही. नुसत्या इंग्रजी भाषांतरांवर हा विषय होत नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं होतं, आणि तुझं समाधान त्यात होणार नाही, तुला मी ओळखतो.

तेव्हा प्रवेशाच्या तारखेची वाट न बघता लॅटिन आजच सुरू कर, रोज अर्धा तास. ज्या दोन विभागांची नावं तू कळवलीस त्यांची पहिल्या सत्राची वाचनयादी मागवून मला पाठव. मूळ कागद किती वाचून घेतात आणि इतरांची मतं किती, ते मला बघायचंय. आणि तिथल्या शिक्षकांना सरळ पत्र घालून विचार, की गेल्या काही वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध कशावर लिहिले आणि ते सध्या कुठे आहेत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तो विभाग यादीतून काढून टाक.

आईबाबांना माझा नमस्कार सांग. यादी मिळाली की लगेच पाठव, आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
मित्र