बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनानिमित्त आईस पत्र

लंडन

आदरणीय आई,
सविनय जयभीम.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनी विहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावे पुण्य अर्पण करण्याचा, कार्यक्रम ठरल्याचे दादाने कळवले आणि वाचून दाखवण्यासाठी चार शब्द लिहून पाठव, असेही सांगितले. ते शब्द मी तुलाच लिहीत आहे; कारण बाबांच्या ज्या कामाबद्दल त्या दिवशी लोक बोलतील, त्यातले निम्मे काम तुझे होते आणि हे त्या सभेत कोणीतरी स्पष्ट म्हटले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, एम्प्रेस मिलमधले आपले आजोबा बाबांना घेऊन नागपूरच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर गेले, तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, हे बाबांना पुढे वाचूनच समजले. त्यांना स्वतःला आठवत असे ती धूळ, पांढरे कपडे आणि आजोबांनी घट्ट धरलेला हात. तरीही त्या प्रतिज्ञा आपण स्वतःच उच्चारल्या आहेत, अशा जबाबदारीने ते वागले. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांनी अजनीच्या रेल्वे वसाहतीत एकट्याने पाळली नाही. शेजारच्या तीन घरांतल्या माणसांना सोबत घेऊन पाळली, आणि त्या घरांतल्या बायका अजूनही तुझ्याकडे येतात.

सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या कामात जशी पाळली, तशी इतरत्र पाळलेली मी क्वचितच पाहिली. आपल्या समाजात आणि विदर्भातल्या आदिवासींत हा आजार किती घरांत आहे, हे त्यांना शेजारच्या मुलाच्या दुखण्यामुळे कळले. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजाराचे जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. निवृत्तीनंतर बाबा रोज सकाळी वंदना आटोपून मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जात. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेल्या लोकांना केसपेपर कुठे काढायचा, रक्तपेढी कोणत्या बाजूला आहे, हे सांगत, आणि वऱ्हांड्यात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी तू बांधून दिलेल्या पोळ्या नेत. मे महिन्यात ते लेकरांच्या आयांना तासातासाला पाणी पाजायची आठवण करून देत, कारण अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या मुलाच्या कळा वाढतात. मेडिकलच्या फाटकाबाहेर त्यांनी पाणपोई लावण्यामागचे कारण हे होते. लोकांना मात्र ती उन्हाळ्यातली नेहमीची पाणपोई वाटे.

दर तीन महिन्यांनी ते रक्तदान करत आणि वयाच्या ६५ वर्षांची मर्यादा आल्यावर ते थांबवावे लागले, तेव्हा किती उदास झाले होते, हे तुला माहीत आहे. मग त्यांनी तरुणांना पुढे केले. विहारात वर्षावासाच्या प्रवचनानंतर ते उभे राहून सांगत की लग्न ठरवताना कुंडली पाहणे आपण सोडले आहे, तर आता रक्ताचा तपास पाहायला शिका. सुरुवातीला काही मुलींच्या घरच्यांना ते अपमानास्पद वाटले. तू त्या घरांत जाऊन बसलीस, वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे बायकांना त्यांच्या भाषेत समजावलेस, आणि मगच तपासणीला मुली येऊ लागल्या. माझ्या मते बाबांच्या संपूर्ण आयुष्यातले हे सर्वांत मोठे काम, आणि ते तुझ्याशिवाय एक पाऊलही पुढे गेले नसते.

दीक्षाभूमीच्या दिवसांबद्दल वेगळे लिहीत नाही, कारण त्या आठवणी सगळ्यांनाच आहेत: अशोक विजयादशमीला बाबा घेत असलेली रजा, स्टेशनवरून पायी निघालेल्या बायाबापड्यांना वाट दाखवणे, आणि तुम्ही सर्वांनी मिळून रात्रभर तळलेल्या पुऱ्या. एवढेच नोंदवते की १८ डिसेंबर २००१ ला स्तूपाचे उद्घाटन झाले, त्या दिवशीही बाबा गर्दीत पाण्याच्या टाकीपाशीच होते.

इथे प्रिमरोज हिलजवळ, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब विद्यार्थी असताना ज्या घरात राहिले होते, तिथे मी जाऊन आले आणि बाबांना फोटो पाठवले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की तिथे मुलांना बसून वाचता येते का. माणसाने वाचलेच पाहिजे आणि वाचल्यावर दुसऱ्याच्या उपयोगी पडलेच पाहिजे, या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या.

म्हणून माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे. स्मृतिदिनाला मोठा फलक आणि जेवणावळ यावर खर्च करू नये. भन्तेजींच्या देसनेनंतर विहारातच रक्तदान व सिकलसेल तपासणीचे शिबिर घ्यावे. दादाने रक्तपेढीशी आणि मेडिकलच्या डॉक्टरांशी आताच बोलून ठेवावे. माझ्याकडून लागेल ती रक्कम मी त्याच्या खात्यावर या आठवड्यात पाठवते. तपासणीत वाहक निघालेल्या मुलामुलींची नावे जाहीर होणार नाहीत, याची काळजी तू स्वतः घ्यावीस, कारण ते तुझ्याइतके नेमके कोणाला जमणार नाही. त्या दिवशी मंचावर तुला बसायला सांगतील. नको म्हणू नकोस.

दादा, वहिनी आणि मुलांना जयभीम सांग. तब्येतीची काळजी घे आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा.

तुझी लेक