कॅल्शियम चॅनलला कुलूप लागत नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर लेख आला होता, त्यात एक चित्र होतं. पेशीच्या भिंतीत एक दार, दाराला भलंमोठं कुलूप, आणि खाली लिहिलेलं की ही गोळी कॅल्शियमचं दार बंद करून टाकते. ते वाचून आमच्या वहिनींनी अ‍ॅम्लोडिपिन बंद केली. त्यांचं म्हणणं, या वयात हाडं आधीच ठिसूळ झालेली, त्यात कॅल्शियमचं दारच बंद केलं तर उरलं काय! कुणाला काही बोलल्या नाहीत, तीन आठवडे गोळी घेतलीच नाही, मग एक दिवस प्रेशर मोजलं तेव्हा ते बरंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केलीय, आता त्या बऱ्या आहेत. पण मी गेली 20 वर्षं कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतोय, त्यामुळे त्या चित्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

हाडांचं आधी सांगून टाकतो, कारण वहिनींसारखे घाबरलेले अजून कुणी असतील. ही गोळी मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे स्नायू असतात त्यांच्या पेशींवर काम करते. तिथं कॅल्शियम कमी शिरलं की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, प्रेशर उतरतं. जेवणातलं कॅल्शियम हाडात जायचा रस्ता ती अडवत नाही.

आता दाराबद्दल, म्हणजे पेशीच्या भिंतीतल्या कॅल्शियम चॅनलबद्दल. लेखात एके ठिकाणी असंही होतं की चॅनल कॅल्शियम आत खेचून घेतं. चॅनल काहीच खेचत नाही हो, खेचायचं काम पंपांचं, त्याला ऊर्जा लागते. चॅनल म्हणजे पेशीपटलात आरपार बसलेलं एक प्रोटीन, मधून बारीक वाट, बस. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे वाट मोकळी झाली की ते आपोआपच आत घुसतं, आणि वाट मोकळी करायची की नाही एवढंच काय ते चॅनलच्या हातात.

ती वाट मोकळी होते कशी हे मला स्वतःला इतकी वर्षं शिकवूनही दरवेळी भारी वाटतं. पेशीचं आवरण जेमतेम 4-5 नॅनोमीटर जाडीचं आणि त्याच्या दोन बाजूंत व्होल्टेजचा फरक असतो, नर्व्हच्या पेशीत शांत असताना आत उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास. 70 मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण जाडीने भागून बघा, दर सेंटिमीटरला एक लाखाहून जास्त व्होल्ट येतात. एवढ्या जबरदस्त विद्युतक्षेत्रात चॅनलचे काही तुकडे बसलेले असतात ज्यांच्यावर धन प्रभार असतो. आतली बाजू ऋण असेपर्यंत ते आतल्या अंगाला ओढून धरलेले राहतात, ऋणपणा कमी झाला की पकड सुटते, ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि सरकताना जोडलेला भाग ओढतात, मग वाटेचं आतलं तोंड फाकतं. असे चार तुकडे, चार बाजूंनी.

हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड नर्व्हवर प्रयोग करून तिच्यातल्या करंटची समीकरणं मांडली, तेव्हा चॅनलचं प्रोटीन कुणी पाहिलेलंही नव्हतं. पण पोटॅशियमच्या समीकरणात त्यांना चौथा घात घ्यावा लागला, जणू चार स्वतंत्र गोष्टी एकदम जागेवर आल्या तरच वाट उघडणार. पुढे कित्येक वर्षांनी समजलं की पोटॅशियम चॅनल खरंच चार भागांचं असतं! हक्सलींनी ती आकडेमोड हाताने फिरवायच्या मशीनवर केली होती. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पण मोबाईल खाली ठेवतात.

मग 1976 मध्ये नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी काचेची अगदी बारीक नळी बेडकाच्या स्नायूपेशीला टेकवून एकेका चॅनलमधून जाणारा करंट मोजला, काही पिकोअँपियर एवढाच, म्हणजे एका अँपियरच्या लाख कोटीव्या भागाइतका. आणि त्या करंटचा आलेख काढलेल्या कागदावर जे दिसलं ना, ते आपल्या चित्रकाराने पाहायला हवं होतं. रेघ सरळ चालते, एकदम खाली उडी मारते, तिथं थोडा वेळ राहते, परत वर उडी. अर्धं उघडलंय, हळूहळू उघडतंय असलं काही नाही. एकतर बंद नाहीतर उघडं, आणि कधी उघडेल हे आधी कुणीच सांगू शकत नाही. उष्णतेमुळे प्रोटीन सतत थरथरत असतं, त्या थरथरण्यात कधीतरी ते उघड्या आकारात जातं आणि परत येतं. व्होल्टेजने फक्त शक्यता बदलते. ती सुद्धा किती? व्होल्टेजवर चालणाऱ्या एका पोटॅशियम चॅनलवर मोजलंय, तिथं सगळा मिळून 12-13 इलेक्ट्रॉनांएवढा प्रभार सरकतो, त्यामुळे चॅनल बहुतेक वेळ बंदच असतं त्या टप्प्यात नुसत्या 2 मिलिव्होल्टच्या फरकाने उघडायची शक्यता अडीच पटीच्या वर जाते. असे हजारो चॅनल एकत्र आले की बेरीज मात्र गुळगुळीत दिसते, हॉजकिन आणि हक्सलींनी मोजली होती ती ही बेरीज.

अजून एक गोष्ट, आणि गोळीच्या बाबतीत हीच सगळ्यात महत्त्वाची. बंद असणं दोन प्रकारचं असतं. एक साधं बंद, म्हणजे इशारा आला की उघडायला तयार. दुसरं असं की एकदा उघडून झालंय आणि आता वाट अडलीय, कितीही इशारा द्या, आधी व्होल्टेज परत खाली जाऊन थोडा वेळ गेल्याशिवाय ते उघडणार नाही, याला इनॅक्टिव्हेशन म्हणतात. नर्व्हच्या सोडियम चॅनलमध्ये हे एक-दोन मिलिसेकंदात होतं, त्यामुळेच तर नर्व्हमधला सिग्नल पुढेच जातो, मागे वळत नाही. आपल्या कॅल्शियम चॅनलमध्ये तर आत आलेलं कॅल्शियमच चॅनलला चिकटलेल्या एका छोट्या प्रोटीनवर बसतं आणि वाट आवरती घ्यायला लावतं.

अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं या इनॅक्टिव्हेट झालेल्या आकाराला जास्त घट्ट चिकटतात, म्हणजे जे चॅनल आधीच अडलंय त्याला अजून थोडा वेळ अडलेलंच ठेवतात. हृदयाच्या स्नायूपेशी दोन ठोक्यांच्या मधे उणे 85-90 मिलिव्होल्टला असतात, तिथं चॅनल साध्या बंद अवस्थेत परत येतात, औषधाची पकड ढिली राहते. रक्तवाहिनीचा स्नायू बराच कमी ऋण असतो, उणे 50 च्या आसपास समजा, तिथं बरेच चॅनल अडलेल्या आकारात सापडतात म्हणून औषधाचा जोर तिथं जास्त. एकच गोळी वाहिनी सैल करते आणि हृदय मात्र चालू ठेवते याचं एक मोठं कारण हे आहे. आता सांगा, कुलपाच्या चित्रात हे कुठं बसणार? कुलूप म्हटलं की सगळीकडे सारखंच लागणार, आणि मग वहिनींना जी भीती वाटली ती कुणालाही वाटेल.

दाताच्या डॉक्टरांचं भुलीचं इंजेक्शन घ्या, त्यातलं लिडोकेन सोडियम चॅनलच्या बाबतीत असंच वागतं, जी नर्व्ह जास्त वेळा सिग्नल पाठवतेय तिथले चॅनल जास्त वेळ उघड्या किंवा अडलेल्या आकारात असतात आणि तिथंच ते जास्त पकडतं.

वर्तमानपत्रात सोपं करून लिहावं लागतं हे मला मान्य आहे, मी पण वर्गात तेच करतो. पण कुलपाऐवजी नेहर-साकमान यांच्या कागदासारखी खालीवर उड्या मारणारी एक रेघ छापा, शेजारी तशीच दुसरी रेघ ज्यात उड्या विरळ झाल्यात, आणि खाली एवढंच लिहा की गोळी घेतल्यावर वाट कमी वेळा उघडते. जागा कुलपाएवढीच लागेल. आणि पुढच्या अंकात हाडांबद्दलचा खुलासा जमलं तर चौकटीत द्या, वहिनींना तो कापून फ्रिजवर लावायचाय.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक शिक्षक